जागा शिल्लक नाही

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून आईचा फोन आला. "अगं, तुझा हा कम्प्युटर म्हणतोय, जागा संपली. मी थोडं पुसून घेतलंय, तू काळजी करू नकोस." मीही केली नाही. आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी तिला लिनक्स टाकून दिलं होतं, सगळा पडदा मराठीत करून. त्यावर ती आपल्या शाळांच्या आठवणी लिहायची. एका शाळेची एक फाइल, साधा मजकूर, चित्रबित्र काही नाही.

दोन आठवड्यांनी मी गेले तेव्हा तिने अकरा फाइली पुसून झाल्या होत्या.

हा लेख त्या बिघाडाबद्दल आहे असं म्हणता येईल, पण मला लिहायचंय ते एका वाक्याबद्दल. मी आयुष्यभर इतरांच्या लिखाणावर लिहीत आले. आईने जे वाक्य वाचलं, खरं मानलं आणि ज्याच्या सांगण्यावरून स्वतःचं लिखाण नष्ट केलं, त्याच्याइतका थेट परिणाम करणारं गद्य माझ्या वाचनात दुसरं नाही. मग त्याचं परीक्षण का करू नये?

वाक्य इंग्रजीतलं आहे: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. पडदा मराठी केलेला असला तरी खिडकीत वरची ओळ मराठीत होती, फाइल साठवण्यास अपयशी अशा थाटाची, आणि तिच्या खाली हे इंग्रजी. त्याचं तांत्रिक कारण आहे. वरची ओळ डेस्कटॉपच्या प्रोग्रामची, तिचा अनुवाद कुणीतरी मन लावून केलेला. खालची ओळ त्याहून खोलवरच्या, सगळ्या प्रोग्रामांना सामायिक असलेल्या ग्रंथालयातून येते आणि आईच्या मशीनवर तिथपर्यंत मराठी पोचलेली नव्हती. म्हणजे रडगाणं मराठीत आणि कारण इंग्रजीत. आईला ते इंग्रजी कळलं, हीच पंचाईत झाली. पाच शब्द, पाचही सोपे. न कळतं तर तिने मला विचारलं असतं.

मी टर्मिनल उघडून 'डीएफ' ही आज्ञा दिली. ती डिस्क किती भरली ते सांगते. दीड जीबीच्या आसपास जागा रिकामी होती. आईच्या सगळ्या आठवणी मिळून एक एमबी भरल्या नसत्या. वाक्य खोटं बोलत होतं, किंवा मला वाटलं तसं.

खुलासा असा. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत, म्हणजे 'ईएक्सटी-फोर'मध्ये, प्रत्येक फाइलमागे एक 'आयनोड' लागतो. आयनोड म्हणजे फाइलची नोंद: मालक कोण, आकार किती, मजकूर डिस्कवर कुठे पडलाय. ('आय' कशाचा, हे खुद्द डेनिस रिचीलाही नक्की आठवत नव्हतं, बहुधा 'इंडेक्स'चा, असा त्याचा अंदाज.) या नोंदी किती असतील ते डिस्क पहिल्यांदा तयार करतानाच ठरतं. ठरावीक हिशेब दर १६ केबीमागे एक असा आहे. मी आईसाठी कापलेला भाग १० जीबीचा होता, म्हणजे ६,५५,३६० नोंदी. त्या कधीच वाढत नाहीत. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर रान पडीक आहे, पण तलाठ्याच्या दप्तरात नव्या नोंदीला पान उरलेलं नाही.

पानं खाल्ली कुणी? मशीन स्वतःला अद्ययावत ठेवत होतं. प्रत्येक नव्या कर्नलबरोबर त्याच्या 'हेडर' फाइलींचं एक पॅकेज येतं आणि त्यात हजारो चिमुकल्या फाइली असतात. जुन्या आवृत्त्या कुणी काढल्याच नव्हत्या. 'डीएफ'ला 'आय' हा पर्याय जोडून आज्ञा दिली तेव्हा उत्तर आलं: शंभर टक्के. पॅकेज काढणारा प्रोग्रामही अडून बसला, कारण काढल्याची नोंद करायला त्यालाही नोंद हवी. शेवटी एका जुन्या आवृत्तीचं फोल्डर हाताने उडवलं, तेव्हा पुढचं गाडं हललं. पाऊण तासाचं काम. दहा जीबी मीच कापले होते आणि जुने कर्नल काढायची सवय मीच लावली नव्हती, हेही इथे लिहून ठेवते.

आईच्या वाट्याला आलेला प्रसंग मात्र याहून वाईट होता आणि तो नीट उलगडायला मला वेळ लागला. तिने पहिली फाइल पुसायला घेतली तेव्हा ती आधी कचरापेटीत जायला हवी होती. पण फाइल कचरापेटीत टाकणं म्हणजे ती मुळात कुठली आणि कधी टाकली हे लिहिणारी एक नवी छोटी फाइल तयार करणं. नवी फाइल म्हणजे नवी नोंद, आणि ती नाही. म्हणून मशीनने विचारलं: कचरापेटीत हलवता येत नाही, कायमची काढून टाकू का? आईने हो म्हटलं. एक फाइल गेली, एक नोंद मोकळी झाली, आणि तिचं नवं पान साठवलं गेलं! म्हणजे उपाय लागू पडला. दुसऱ्या दिवशी ब्राउझरने किंवा आणखी कुणी मोकळी नोंद पळवली की पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तोच उपाय. आई चुकत नव्हती. मजकूर वाचून अनुमान काढत होती, पडताळून पाहत होती, आणि पडताळा येत होता. वाचकाकडून याहून जास्त काय मागायचं?

मग मी मूळ ग्रंथ उघडले. लिनक्सवर प्रत्येक आज्ञेचं एक 'मॅन पेज' असतं, 'मॅन' म्हणजे मॅन्युअल. हा प्रकार लिनक्सहून वीस वर्षांनी जुना. बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी लिहिलेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. नाव, वापराची रीत, वर्णन, हेही पाहा, असा साचा तिथेच ठरला आणि आजही पाळला जातो. त्या साच्यात पहिल्यापासून एक कप्पा 'बग्ज'चा होता: लेखकाने आपल्या प्रोग्रामचे दोष स्वतःच नोंदवायचे. मला या कप्प्याबद्दल आदर आहे. मराठीत किती पुस्तकांच्या शेवटी लेखकाने असं पान जोडलंय?

गद्य म्हणून मॅन पेज काटेकोर असतं. विशेषणं जवळजवळ नाहीत, वाचकाची मनधरणी नाही, एका गोष्टीला एकच शब्द. मला हे आवडतं, आणि मराठी समीक्षेने यातलं थोडं उचलावं असंही वाटतं. पण त्याचा दोष याच काटेकोरपणात आहे. 'डीएफ'च्या पानावर 'आय' या पर्यायाचं वर्णन आहे: जागेऐवजी आयनोडची माहिती दाखवतो. खरं आहे, पुरेसंही आहे. पण हा पर्याय कधी लागतो? कुठल्या माणसावर कुठली वेळ आली म्हणजे? त्याबद्दल अक्षर नाही. घरातल्या सगळ्या दारांची यादी द्यायची आणि आग लागल्यावर कुठल्या दाराने पळायचं ते सांगायचं नाही, असा हा बाणा.

महानुभावांकडे या अडचणीची जाण होती असं मला वाटतं. चक्रधरांची वचनं केसोबासांनी सूत्रपाठात वेगळी काढली. सूत्र सुटं झालं की ते पाठ होतं, पण कळेनासंही होतं. म्हणून मग ते कुठल्या प्रसंगी, कुणाला उद्देशून उच्चारलं गेलं, ते सांगणारं 'प्रकरणवश' तयार झालं. मॅन पेज हा प्रकरणवश नसलेला सूत्रपाठ आहे. आणि पडद्यावर उमटणारी चूक म्हणजे त्यातलं एकच सूत्र, रात्री अकरा वाजता, एकट्या माणसासमोर.

हे उपमेसाठी म्हणत नाही. मॅन पेजेसचे विभाग असतात: पहिला वापरणाऱ्यांसाठी, दुसरा प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी. 'डीएफ' पहिल्यात. आईचं वाक्य मात्र दुसऱ्यात समजावलंय. तिथे त्याला क्रमांक आहे, २८. फाइल उघडण्याच्या पानावर या २८चा अर्थ दिलाय तो नव्या फाइलीला जागा नसल्याचा. लिहिण्याच्या पानावर त्याच २८चा अर्थ आहे तो मजकुराला जागा नसल्याचा. दोन वेगळे प्रसंग, दोन वेगळे अर्थ! लिहिणाऱ्यांना फरक ठाऊक होता, त्यांनी तो नोंदवलाही. पडद्यावर येताना दोन्हींचं एकच वाक्य झालं. म्हणजे वाक्य खोटं बोलत नव्हतं, मघाचं माझं विधान मागे घेते. त्याचा प्रसंग वाटेत गळून पडला होता.

असे नमुने आणखी आहेत. 'नॉट अ टाइपरायटर' हे जुन्या युनिक्सचं प्रसिद्ध वाक्य. ज्याला टर्मिनल समजून आज्ञा दिली ते टर्मिनल नाही, एवढाच अर्थ, कारण त्या काळी टर्मिनल म्हणजे कागदावर छापणारा टेलिटाइप. भलत्याच तपासणीतून मागे राहिलेला क्रमांक उचलला गेला की ते परत आलेल्या मेलवरही उमटायचं आणि लोक चक्रावायचे. पुढे ते बदलून 'डिव्हाइसवर अयोग्य आयओसीटीएल' अशा अर्थाचं केलं. ही सुधारणा मला अधोगती वाटते. पहिल्या वाक्यात निदान एक वस्तू दिसत होती.

मराठी अनुवादाकडे मी रागाने वळले होते, ते कबूल करते. 'उघडण्यास अपयशी', 'काढून टाकण्यास अपयशी'. कोण अपयशी? मराठीत विशेषणाला धनी लागतो. धनी दिसला नाही की वाचणारा तो दोष स्वतःकडे घेतो. आई म्हणालीच, "मलाच जमत नव्हतं बहुतेक." पण अनुवादकाच्या टेबलाशी बसून पाहिल्यावर राग ओसरला. हे अनुवाद 'गेटटेक्स्ट' नावाच्या व्यवस्थेतून होतात. समोर एक लांब यादी, प्रत्येक नोंदीत वर इंग्रजी वाक्य, खाली रिकामी जागा. ते वाक्य कुठल्या खिडकीत, कुणाच्या बोलण्यानंतर येणार ते बहुतेकदा दिसत नाही. 'ओपन' म्हणजे 'उघडा' की 'उघडं आहे'? प्रसंग सांगायची सोय आहे, पण ती इंग्रजी लिहिणाऱ्याने वापरायची आणि त्याला स्वतःला गरज भासत नाही. त्यात 'अमुक हटवलं' अशा वाक्यात अमुकच्या जागी ऐनवेळी काय येणार ठाऊक नसतं. फाइल आली तर हटवली, फोल्डर आला तर हटवला, चित्र आलं तर हटवलं. इंग्रजीला लिंगाची फिकीर नाही, म्हणून तिथे वाक्य तुकड्यांनी जुळवता येतं. मराठी अनुवादक मग लिंग टाळणारी वाट शोधतो आणि 'करण्यास अपयशी'वर येऊन थांबतो. ते घरंदाज मराठी नाही, पण व्याकरणात चुकत नाही. अशा हजारो ओळी लोकांनी, पुष्कळदा फुकट, केल्यात. त्यांच्या नावाची चौकट कुणी उघडूनही बघत नाही.

यातली खरी गोम वेगळीच आहे. अनुवाद उत्तम असता तरी काय झालं असतं? अडचण आली की माणूस ते वाक्य जसंच्या तसं शोधतो. इंग्रजी वाक्याला शेकडो उत्तरं मिळतात, मराठीला एकही नाही. म्हणून माहीतगार माणसं पहिली गोष्ट करतात ती ही: आज्ञेच्या आधी एक छोटी पाटी लावून भाषा बंद करतात. त्या पाटीवर 'सी' लिहायचं. 'सी' हे कुठल्याच देशाचं नाव नाही, आणि त्याने मशीन निमूट इंग्रजी बोलू लागतं. माझा भाचा हेच काम करतो. तो म्हणाला, "मावशी, आजीचं मशीन आधी इंग्रजीत कर, मग मला फोन कर." मराठी पडदा सगळं ठीक चाललंय तोवरचा. बिघाड झाला की तिने भाषा दारात काढून ठेवायची. सरकारी कचेरीत आईने हे आयुष्यभर केलंय, तिला त्यात नवल वाटलं नाही. मला वाटलं.

अकरांपैकी चार फाइली तिने मला मेलने पाठवलेल्या होत्या, त्या मिळाल्या. डिस्कवरचा कच्चा मजकूर चाळून आणखी तिघांचे तुकडे सापडले, नावाशिवाय, मधूनच सुरू होणारे. कुठला तुकडा कुठल्या शाळेचा ते तिनेच ओळखलं. चार गेल्या. त्यातली एक तिच्या पहिल्या शाळेची होती, एका खोलीत चार वर्ग भरायचे तिची. "ती परत लिहीन," म्हणाली. अजून लिहिलेली नाही.

दिवाळीत मी त्या २८साठी एक मराठी वाक्य जुळवून पाहिलं. अनुवादकाला असतं तेवढ्याच जागेत, एका ओळीत. लिहिलं: 'डिस्कवर जागा असू शकते, पण नव्या फाइलीच्या नोंदीला वहीत पान उरलेलं नाही, आपली लिखाणं पुसू नका.' खूप लांब झालं, आणि मजकुराला जागा नसण्याच्या प्रसंगी सरळसरळ चुकीचं. तरी आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा वर करून ऐकलं आणि विचारलं, "पण कुठली वही? माझी?"