सचेतनपटातील मौन आणि बोली : मुंबई उपनगरांतील स्वतंत्र निर्मितीचा विचार

१

वेसाव्याच्या धक्क्यावरून खाडी ओलांडणारी होडी काही मिनिटांतच मढच्या किनाऱ्याला लागते. जमिनीवरून यावयाचे झाल्यास मालाडवरून मार्व्याच्या रस्त्याने मोठा वळसा घ्यावा लागतो. कोळ्यांची जुनी वस्ती, मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला, बांबूंच्या मांडवांवर वाळणारे बोंबील, आणि चित्रीकरणासाठी भाड्याने दिले जाणारे बंगले, अशी या गावाची आजची ओळख आहे. हिंदी चित्रपटांतून व मालिकांतून मढ अनेकदा दिसते. परंतु ते ऐकू मात्र क्वचितच येते. येथील घरे, समुद्र आणि होड्या पार्श्वभूमी म्हणून उपयोगी पडतात. येथल्या माणसांची बोली त्या चित्रणाबाहेर राहते.

प्रस्तुत लेखाचा विषय चित्रपट हा नसून त्याची दोन धाकटी भावंडे हा आहे. एकेक चित्र रेखून किंवा एकेक बाहुली किंचित किंचित हलवून जी चलच्चित्रे निर्माण केली जातात, ज्यांना व्यवहारात ॲनिमेशन म्हणतात, त्यांना येथे ‘सचेतनपट’ म्हटले आहे. दुसरे भावंड म्हणजे व्हिडिओ गेम. त्यातही मोठ्या कंपनीच्या आज्ञेवाचून लहान गटांनी केलेले स्वतंत्र खेळ. या दोन क्षेत्रांत आपले आयुष्य घालवू पाहणाऱ्या तरुणांची संख्या उपनगरांत वाढत आहे. त्यांच्यापुढील प्रश्न सामान्यतः आर्थिक मानला जातो, आणि तो तसा आहेही. परंतु त्या आर्थिक प्रश्नाच्या पोटात एक भाषिक प्रश्न दडलेला आहे, तो असा : जो कलावंत इतरांच्या कामावर पोट भरतो, तो स्वतःचे काम करावयास बसला म्हणजे कोणत्या भाषेत बोलतो?

२

या कलेचा महाराष्ट्रातील आरंभ भारतीय चित्रपटाच्या आरंभाशी निगडित आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा लहानसा पट केला. त्यात काड्यापेटीतील काड्या हलत होत्या. जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या गृहस्थाने त्यापूर्वी १९१२ मध्ये बीजापासून वाढत जाणाऱ्या रोपाचे टप्प्याटप्प्याने चित्रण केले होते. एकट्या माणसाने, अल्प साधनांनी, स्वतःच्या कुतूहलासाठी केलेले हे काम होते. स्वतंत्र निर्मिती या शब्दाचा आज जो अर्थ केला जातो तो त्यास पूर्णपणे लागू पडतो.

पुढे या कलेला संस्था लाभली. फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबईतील व्यंगपट विभागात १९५६ मध्ये डिस्नेच्या संस्थेतील क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली एक पिढी तयार झाली. राम मोहन हे तिच्यातील अग्रणी. तथापि संस्थेबरोबरच कामाची एक विभागणीही आली. लोकशिक्षणाचे पट, नंतर जाहिराती, आणि त्याही नंतर परदेशी मालिकांची चित्रे भरण्याचे काम, असा हा प्रवास झाला. या विभागणीत हात येथला असतो आणि वाक्य दुसऱ्याचे असते. कोणते पात्र काय बोलेल हे आधीच ठरून आलेले असते. ओठांच्या हालचाली त्या परक्या उच्चारांशी जुळवून देणे एवढेच येथल्या चित्रकाराकडे उरते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला हे दृश्य विचारप्रवर्तक वाटावे. दिवसभर इंग्रजी स्वरांसाठी ओठ गोल आणि रुंद करून देणाऱ्या कारागिराला स्वतःच्या भाषेतील ‘ळ’ चित्रात कसा दिसतो हे पाहण्याचा प्रसंग कदाचित आयुष्यात येत नाही.

या कामाला कमी लेखण्याचे कारण नाही. त्यातूनच हात तयार होतो आणि पुढील स्वतंत्र कामाचे पैसेही येतात. सुरेश एरियत यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांची कीर्ती आधी जाहिरातींनी झाली. २००९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या स्टुडिओ ईक्सॉरस या त्यांच्या संस्थेने त्या बळावर स्वतःचे लघुपट हाती घेतले. ‘टोकरी’ या मातीच्या बाहुल्यांच्या पटाला सुमारे आठ वर्षे लागली. रस्त्यावरील सिग्नलशी टोपल्या विकावयास आलेल्या एका मुलीला परतवून लावल्याची रुखरुख हे त्या पटाचे मूळ होते. गीतांजली राव यांनीही जे. जे. तील शिक्षणानंतर राम मोहन यांच्या संस्थेत काम केले, आणि मग स्वतःची वाट धरली. दुसऱ्यांच्या वाक्यांवर घडलेला हात स्वतःच्या विषयाकडे वळला, हे दोघांच्याही बाबतीत खरे आहे. आता प्रश्न असा की, तो स्वतःच्या वाक्याकडेही वळला काय?

३

राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ हा पट २००६ मध्ये कान येथील समीक्षक-सप्ताहात पुरस्कृत झाला. शहरातील सदनिकेत मांजरासह राहणारी एक वृद्ध स्त्री काड्यापेट्यांवरील चित्रांच्या जगात शिरते, असे त्याचे कथानक आहे. फाळक्यांच्या काड्यांनंतर एक्क्याण्णव वर्षांनी काड्यापेटी पुन्हा या कलेच्या मध्यभागी यावी हा योगायोगच. पण दोन्ही पट निःशब्द आहेत ही गोष्ट मात्र तुलना करण्याजोगी आहे. फाळक्यांच्या काळी यंत्राला आवाज नव्हता. राव यांनी आवाज असूनही शब्द वर्ज्य केला. एरियत यांचा ‘फिशरवूमन अँड टुकटुक’ हा पट २०१५ च्या उत्कृष्ट सचेतनपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. किनाऱ्यावरील एक कोळीण आणि तिला लागलेली रिक्षाची ओढ हा त्याचा विषय. त्यातही कथा संवादांवर चालत नाही. ‘टोकरी’ची रीतही तीच आहे.

इतक्या भिन्न प्रकृतीच्या कलाकृती एकाच मौनाकडे वळल्या, तेव्हा त्यामागे काही समान कारण असले पाहिजे. पहिले कारण व्यावहारिक आहे. लघुपटाला तिकीटविक्रीची बाजारपेठ नाही. त्याचे जीवन देशोदेशींच्या महोत्सवांवर अवलंबून असते, आणि निःशब्द पटाला सीमा ओलांडताना भाषांतराचे जकातनाके लागत नाहीत. दुसरे कारण कलेच्या स्वरूपातले आहे. रोमान याकोबसन यांनी १९५९ च्या आपल्या निबंधात भाषांतराचे तीन प्रकार सांगितले. त्यांतील तिसरा म्हणजे शब्दांच्या चिन्हपद्धतीतून शब्देतर चिन्हपद्धतीत होणारे रूपांतर. सचेतनपटात पात्राची चाल, खांद्यांचा कल, थांबण्याचा अवधी हे सर्व कलावंताने शून्यातून घडविलेले असते. जिवंत नटाचे अंग आपोआप काही बोलून जाते. रेखलेल्या पात्राचे अंग मुद्दाम बोलविल्याखेरीज बोलत नाही. त्यामुळे या कलेत देहाचीच एक भाषा होते आणि शब्द अनावश्यक वाटू लागतो.

आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे पट व्यंजनेवर उभे आहेत. परंतु आनंदवर्धनाच्या विवेचनात व्यंग्यार्थ वाच्यार्थाच्या आधारानेच प्रकटतो. दिव्यावाचून प्रकाश इच्छिणाऱ्याला तो मिळत नाही. निःशब्द पटात वाच्याची जागा चित्रातील खुणा घेतात. लुगड्याची नेसण, डोक्यावरील टोपली, ओल्या वाळूवरची चाल या खुणा मढच्या माणसाला वाच्यार्थासारख्या थेट कळतात. दूरदेशीच्या प्रेक्षकाला त्याच खुणा म्हणजे निव्वळ एक सुंदर वेष. पट दोघांपर्यंतही पोहोचतो, पण दोघांना तो सारखा पोहोचत नाही. मौन सर्वांना समजते हे विधान म्हणूनच अर्धेच खरे आहे.

४

मौनाने नेमके काय साधते आणि काय गमावले जाते हे तपासण्यास एक दुर्मिळ जोडी उपलब्ध आहे. राव यांचा ‘ट्रूलव्हस्टोरी’ हा लघुपट २०१४ मध्ये कानच्या समीक्षक-सप्ताहात दाखविला गेला. मुंबईच्या रस्त्यावर फुले विकणारी तरुणी, तिच्यावर जीव जडलेला तरुण, आणि हिंदी चित्रपटांनी दोघांना दिलेली स्वप्ने, एवढी त्याची सामग्री, शब्द नाहीत. याच सामग्रीतून वाढलेला ‘बॉम्बे रोज’ हा पूर्ण लांबीचा, हाताने रंगविलेला पट २०१९ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक-सप्ताहात आला आणि २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर सर्वांना पाहावयास मिळाला. हा पट बोलतो. भाषाभ्यासकाला असा प्रयोग आयताच हाती यावा हे भाग्यच म्हटले पाहिजे.

पहिला मोठा फरक नावांचा आहे. निःशब्द पटात तरुण म्हणजे केवळ तरुण, तरुणी म्हणजे केवळ तरुणी. बोलत्या पटात ती कमला होते, तो सलीम होतो. नाव उच्चारले जाताच धर्म, गाव आणि भय ही तिन्ही कथेत शिरतात. बालविवाहापासून निसटून आलेली ती, काश्मीरमध्ये आईबाप गमावलेला तो, जुन्या गीतांच्या आणि इंग्रजीच्या जगात राहणाऱ्या शर्ली डिसोझा, या सर्वांचे सामाजिक स्थान आता त्यांच्या बोलण्यातून ठरते. या पटात मौनही आहे. परंतु ते टिपू या मूकबधिर बालमजुराच्या वाट्याला आले आहे. म्हणजे आधी जे मौन साऱ्या कलाकृतीचे सौंदर्य होते, ते आता एका विशिष्ट मुलाचे दैव बनते. शब्द आल्यामुळे मौनालाही अर्थ आला, असे म्हणावे लागेल.

याची किंमतही पटाला द्यावी लागली. लघुपटातील एकसंध लय येथे टिकत नाही. अनेक उपकथांचा भार काही ठिकाणी जाणवतो. तरीही या शहराविषयी काही सांगावयाचे असेल तर दुसरा पट अधिक सांगतो, असाच निर्णय द्यावा लागतो. मुंबईत कोणालाही नावावाचून आणि बोलीवाचून राहता येत नाही. भाड्याची खोली शोधणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही.

पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केलेल्या नीना सबनानी यांनी तिसरा मार्ग दाखविला. ‘टांको बोले छे’ या २००९ च्या पटात कच्छमधील कारागिरांचे भरतकाम आणि कापडी तुकड्यांची चित्रे चालू लागतात, आणि कथन त्या कारागिरांच्याच आवाजांत ऐकू येते. शीर्षकातच टाका बोलतो. येथे कलावंताने आपला शब्द कारागिरांवर लादला नाही, आणि त्यांचा शब्द काढूनही घेतला नाही. चित्र आणि बोली एकाच हातांतून आल्या आहेत. या पटाचे महत्त्व त्याच्या देखणेपणाहून या पद्धतीत अधिक आहे.

५

खेळांच्या क्षेत्रात हा प्रश्न निराळे रूप घेतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न अपुरा पडूनही तो गट टिकून राहिला, हे नमूद करण्यासारखे आहे. पहाडी चित्रशैली, राजस्थानी वास्तू, छायाबाहुल्या यांचा त्यातील संयोग डोळसपणे केलेला आहे. परंतु दुर्गा आणि विष्णू ज्या कथेचे निवेदन करतात ते मुळात इंग्रजीत. हिंदी आवाज २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आला. खेळाचा ग्राहक जगभर पसरलेला आहे, तेव्हा इंग्रजीची निवड समजण्याजोगी आहे. दोष इंग्रजीचा नव्हे. दोष असा की, त्या निवेदनाला स्वतःचा सूर सापडत नाही. दृश्य जितके विशिष्ट आहे तितकेच वाक्य सर्वसामान्य राहते.

याच्या शेजारी टोरांटोत तयार झालेला, २०२३ मधील ‘वेन्बा’ ठेवून पाहावा. कॅनडात स्थायिक झालेले तमिळ कुटुंब, आईच्या पाककृतींची फाटकी, पुसट वही, आणि हळूहळू तमिळपासून दुरावणारा मुलगा हा त्याचा विषय. वहीतील गाळलेल्या जागा खेळणाऱ्याने भरावयाच्या असतात. भाषेचा लोप ही येथे केवळ कथा राहिलेली नाही. ती खेळाची कृती झाली आहे. या लहान गटाला २०२४ मध्ये स्वतंत्र खेळांच्या महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक आणि पदार्पणासाठी बाफ्टा पुरस्कार मिळाला. आपल्या भाषेला चिकटून राहणे बाजाराला मारक ठरतेच, या समजुतीला हे एक सबळ प्रत्युत्तर आहे.

शिवाय खेळाच्या माध्यमात मौनाचा आर्थिक युक्तिवाद बराच दुबळा होतो. खेळातील लेखी संवाद मूळ चित्रापासून वेगळे साठविता येतात. एकाच खेळात अनेक भाषा नांदू शकतात. खेळणाऱ्याच्या निवडीप्रमाणे संवादाला फाटे फुटतात, म्हणून तेथे कोण कोणाला ‘तू’ म्हणतो आणि कोणाला ‘तुम्ही’ हेही कृतीचा भाग बनू शकते. मराठीसारख्या भाषेला ही केवढी मोठी संधी आहे!

६

आता पुन्हा मढकडे वळता येईल. कोळी बोलीची नोंद ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात घेतली. प्रमाण मराठीतील ‘पाणी’ तेथे ‘पानी’ होते, ‘डोळा’चा ‘डोला’ होतो, ‘घोडा’चा ‘घोरा’. भरतीची उधाण आणि भांग अशी वर्गवारी, डोल जाळ्याची रीत, मासळीची नावे यांचा मोठा शब्दसंग्रह या बोलीजवळ आहे. पडद्यावर कोळीण आली की बहुधा ती नाचते किंवा भांडते. आणि सचेतनपटात आली तेव्हा ती मूक होती. एरियत यांच्या पटातील कोळीण विनोदाचा विषय न होता इच्छा असलेली, धाडस करणारी स्त्री झाली, हे त्या पटाचे श्रेय निर्विवाद आहे. तिने पुढचे पाऊल टाकावयाचे ते बोलण्याचे.

ते पाऊल केवळ कलावंताच्या सदिच्छेने पडणार नाही. बोलींच्या ध्वनिमुद्रित नोंदी विद्यापीठांच्या प्रबंधांत अडकून पडतात आणि स्टुडिओत बसलेल्या तरुणाला त्यांचा पत्ता नसतो. संवाद लिहिणाऱ्यापाशी बोलीचा कान नसला म्हणजे ‘न’ आणि ‘ल’ची पेरणी करून खोटी बोली तयार होते, ती मौनाहून वाईट. भाषाशास्त्राच्या विभागांनी या नव्या माध्यमांकडे परकेपणाने पाहण्याचे कारण नाही. त्यांच्या संग्रहातील वाक्यांना ज्या प्रकारचा उपयोग मिळू शकतो तसा पूर्वी कधी मिळाला नव्हता.

आणि ज्याला या क्षेत्रात आयुष्य काढावयाचे आहे त्याच्यासाठी या विवेचनाचा निष्कर्ष एवढाच की, हातोटी त्याला काम मिळवून देईल, मौन त्याला महोत्सवापर्यंत नेईल, परंतु त्याच्या पात्राने तोंड उघडल्यावर बाहेर पडणारे पहिले वाक्य कोणाचे आहे, यावरच तो कारागीर की कर्ता हे ठरेल. मढच्या होडीत रोज बसणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या कानावर ते वाक्य आजही पडत असेल.