पासिंग कुठली?

भंडारा जिल्ह्यात कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली की किमतीच्याही आधी एक प्रश्न येतो : ‘पासिंग कुठली?’ पासिंग म्हणजे नोंदणीपूर्वी आरटीओत होत असे ती तपासणी. पण बोलण्यात हा शब्द गाडीचे गोत्र विचारतो. आमचे गोत्र एमएच ३६. साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या नागपूरची ३१ किंवा ४९ दिसली की विचारणाऱ्याचा सूर बदलतो. पुण्याची १२ असेल तर ‘मुलगा आयटीत आहे वाटते’ हे पुढचे वाक्य ठरलेले. नागपुरातल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर नोंदवलेल्या आणि इथल्याच धुळीत फिरणाऱ्या काही गाड्या माझ्याही पाहण्यात आहेत.

या हौसेला दिखाऊपणा म्हणून निकालात काढणारे पुष्कळ आहेत. मला ते वाचन उथळ वाटते. नंबरप्लेट हा एक मजकूर आहे. तो सरकार लिहिते, पण त्याचा अर्थ पेट्रोलपंपावर आणि लग्नाच्या मांडवापुढे लागतो. परक्या पाटीची प्रतिष्ठा वाचणाऱ्याच्या डोळ्यांत तयार होते, आणि वाचणारा बदलला की तीच पाटी हिणकस ठरते.

दिल्लीची ‘डीएल’ घ्या. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. तिकडच्या जुन्या गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत स्वस्तात जाऊ लागल्या. त्या पाटीत शाळकरी पोरे राजधानी वाचतात, मिस्त्री मात्र गाडीचे वय वाचतो. शिवाय परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे इथली नोंदणी लागते. म्हणजे या परकेपणाला मुदत आहे. उलट तुमसरच्या बाजारात बालाघाटच्या एमपी ५० कडे कुणी मान वळवूनही पाहत नाही. राज्य दुसरे असले तरी माणूस ओळखीचा, कदाचित सोयराही.

खऱ्या परदेशी पाटीची गाडी आमच्या रस्त्यावर येत नाही. आली ती तिची नक्कल. रेडियमवाल्याकडे पाटीच्या डाव्या कडेला ‘आयएनडी’ अशी तीन रोमन अक्षरे चिकटवून मिळत. निळ्या पट्टीची ही ऐट युरोपातली. तिथे पिवळ्या ताऱ्यांखाली देशाचे अक्षर असते, कारण गाडी सकाळी एका देशात आणि दुपारी दुसऱ्या देशात असू शकते. आपल्या केंद्रीय नियमांतही २००१ च्या दुरुस्तीने उच्च सुरक्षा पाटीवर ही अक्षरे घालायचे ठरले होते. पण पाटी यायला वर्षे गेली, आणि मधल्या काळात तिची अक्षरे दागिना झाली. साकोली-लाखनी रस्त्यावर धावणारी गाडी आपण भारतातले आहोत हे सांगत होती तरी कुणाला? परदेशी माणूस तिथे नव्हताच. होता तो शेजारी, आणि त्याने वाचावे एवढेच की ही गाडी सीमेपलीकडे जाण्याच्या लायकीची आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना ही पाटी सक्तीची झाली, पुढे महाराष्ट्रात जुन्या वाहनांनाही. शेजाऱ्याच्या खिळखिळ्या मोपेडवर ती तीन अक्षरे आली, आणि त्यांचे परदेशीपण संपले.

दुबईत एप्रिल २०२३ मध्ये ‘पी ७’ ही पाटी साडेपाच कोटी दिरहमला गेली. आपल्याकडेही पसंतीच्या क्रमांकांसाठी लाखो रुपये मोजतात. तो पैशाचा खेळ. त्यात वाचण्यासारखे फार नाही. परकी पाटी सांगते की या घरातले कुणीतरी कुठेतरी गेले आहे.

म्हणून २०२१ मध्ये आलेली ‘बीएच’ मालिका मला महत्त्वाची वाटते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा क्षणभर वाटले, भंडाऱ्याला स्वतःची अक्षरे मिळाली! ती निघाली भारताची. सैन्यदले, केंद्र-राज्य सरकारांचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे नोकर यांनाच ती मिळते. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. सरकारने सोय केली बदलीच्या त्रासाची. जिल्ह्यातल्या माणसाने तिचा अर्थ लावला : बदलीची नोकरी, म्हणजे पक्की नोकरी. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना पाहत वाढलेल्या पिढीला हे वाचन शिकवावे लागत नाही.

माझ्या ओळखीच्या एका घरात बैठकीच्या भिंतीवर अमेरिकेतल्या गाडीची जुनी पाटी टांगली आहे. मुलाने तिकडे गाडी बदलली आणि ती आणून दिली. आई देवघराबरोबर तीही पुसते. येणारा-जाणारा विचारतो, मग मुलाचा विषय निघतो. अंगणात उभी असलेली घरची एमएच ३६ कुणी विचारत नाही. कोल्हापूरकर एमएच ०९ टी-शर्टावर मिरवतात. आमचे ३६ अजून कुणी छापलेले मी पाहिलेले नाहीत. पाटी वाचणारा इथेच राहिलेला असतो, आणि तो तिच्यात न निघालेल्या माणसाचा, म्हणजे स्वतःचाच, पत्ता वाचतो.

गेल्या वर्षी पुण्यात भाच्याबरोबर सिग्नलला थांबलो होतो. शेजारी एमएच ३६ची एक जुनी जीप आली. भाच्याने काच खाली केली आणि अनोळखी माणसाला हाक मारली, ‘‘काका, कोणत्या गावचे?’’

‘‘लाखांदूर,’’ तो म्हणाला. दिवा हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी दोघे बोलतच होते.