टोपी, पोशाख आणि सरकारी नजर

सोलापूरकरांच्या आठवणीतला १९३० चा मार्शल लॉ हा केवळ गोळीबाराचा आणि फाशीचा इतिहास नाही. तो टोपीचाही इतिहास आहे. गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले आणि १२ मे रोजी येथे लष्करी अंमल सुरू झाला. पांढरी गांधी टोपी घालून रस्त्यावर येणे त्या दिवसांत जोखमीचे ठरले. शिपाई ती डोक्यावरून उतरवायला लावीत. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्या बलिदानापुढे टोपीची गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु जी सत्ता माणसाच्या डोक्यावर काय असावे हे ठरवू पाहते, तिला त्या डोक्यात काय चालले आहे याचीच धास्ती असते.

परकीय सत्ता गेली. ही खोड मात्र गेली नाही. सोलापूरहून तासाभराच्या अंतरावर तुळजापूर आहे. मे २०२३ मध्ये तेथील तुळजाभवानी मंदिरात अशोभनीय वस्त्रे आणि हाफ पँट घालणाऱ्यांना प्रवेश नाही, असे फलक लागले. टीका होताच त्याच दिवशी निर्णय मागे घेण्यात आला. देवस्थानाने आपल्या भाविकांकडून मर्यादेची अपेक्षा करावी, यात गैर काही नाही. आपल्या देवळांच्या दारांवरही अशा सूचना असतातच. पण या मंदिराच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. जो अधिकारी जमिनीच्या नोंदी आणि निवडणुका सांभाळतो, त्याच्याच छायेत वस्त्रांच्या सभ्यतेचा निवाडा होऊ लागला, तर धर्माची मर्यादा कोठे संपली आणि सरकारचा हुकूम कोठे सुरू झाला, हे भाविकाने कसे ओळखावे?

अशा फलकांची बातमी वाचून आपल्यापैकी कित्येकांनी समाधानाने मान डोलावली असेल, याची मला अधिक काळजी वाटते. ‘मुले आमचे ऐकत नाहीत, निदान सरकारचे तरी ऐकतील,’ असे म्हणणारे आईबाप आपल्यातही आहेत. मुलीच्या पोशाखाविषयी तिच्याशी चार शब्द बोलण्याचे अवघड काम आपण फलकावर सोपवतो आणि त्यालाच संस्कार म्हणतो.

पोशाखावर स्थिरावलेली नजर उंबरठ्यावर थांबत नाही. १३ डिसेंबर २०२२ रोजी राज्याच्या महिला व बालविकास विभागाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करण्यासाठी समिती नेमली. टीकेनंतर आंतरजातीय विवाह वगळण्यात आले. आंतरधर्मीय विवाह तसेच राहिले. माहेराशी संबंध तुटलेल्या मुलींना आधार मिळावा, हा हेतू सांगितला गेला. हेतू चांगला असेलही. परंतु संकटात सापडलेल्या मुलीने हाक मारल्यावर धावून जाणे वेगळे, आणि तिने हाक मारलेली नसताना तिच्या संसाराची नोंद ठेवणे वेगळे. आपला समाज संख्येने लहान. आपल्या कित्येक घरांत सून किंवा जावई अन्य धर्माचा आहे. त्या घरांकडे सरकार संशयाने पाहू लागले, तर ती आपल्याच ओटीवरची गोष्ट आहे.

आपल्या चर्चमध्येही विवाहापूर्वी वधूवरांची नावे जाहीर होतात, फादर प्रश्न विचारतात. मग सरकारनेच काय पाप केले? फरक असा की, चर्चच्या दारी आपण श्रद्धेने, आपल्या पायांनी जातो. सरकारच्या हाती दंड आहे. त्याच्या चौकशीला नकार देण्याची मुभा सामान्य माणसाला क्वचितच असते.

धर्मच दंड हाती घेतो तेव्हा काय होते, हेही आपण विसरू नये. १७३६ साली गोव्यातील इन्क्विझिशनने एक आदेश काढला. त्यात ख्रिस्ती झालेल्यांना देशी पद्धतीचे पुडवे नेसण्यास, चोळी घालण्यास, दारी तुळस लावण्यास आणि लग्नात ओव्या गाण्यास मनाई होती. मिठावाचून भात शिजवणेही संशयास्पद ठरले. भाताच्या हंडीत डोकावणाऱ्या त्या न्यायासनाने किती श्रद्धा वाढवली, हे देव जाणे. त्याने भय मात्र निश्चित वाढवले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याविषयीच्या घोषणापत्रात, श्रद्धेच्या बाबतीत कोणाच्याही सदसद्विवेकबुद्धीवर जबरदस्ती होता कामा नये, असे स्पष्ट सांगितले. ते शहाणपण ख्रिस्तसभेला सहजासहजी आलेले नाही.

आपल्या देशात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. कायदा आपल्या बाजूने आहे. आपणच आपल्या बाजूने उभे राहावयाचे आहे. नगरपालिकेने रस्ते झाडावेत, पाणी पुरवावे, दिवे लावावेत. सोलापुरात नळाला पाणी येण्याची वाट पाहणाऱ्या गृहिणीला पालिकेकडून काय हवे आहे, ते ठाऊक आहे. तिने कोणती साडी नेसावी आणि तिच्या मुलाने कोणाशी लग्न करावे, हा सल्ला त्या यादीत नाही.

शालीनता आपल्याला हवीच आहे. ती आईच्या वागण्यातून, वडिलांच्या बोलण्यातून आणि रात्रीच्या रोझरीतून मुलांच्या मनात उतरते. त्यासाठी शिपाई बोलावण्याची वेळ आलीच, तर दोष मुलांकडे नंतर पाहावा. आधी आपल्या घराकडे पाहावे.