मुलांच्या कानांसाठी : सँ-साँस, प्रोकोफिएव्ह आणि ब्रिटन

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाच्या शाळेत आठवड्याचा एक तास मी संगीतासाठी मागून घेतला. पाश्चात्त्य अभिजात संगीतरचनाकारांची मुलांना ओळख करून द्यावी, हा हेतू. सेमिनरीत असताना ग्रेगोरियन गायन शिकविणाऱ्या गुरुजनांनी जो थोडाबहुत कान तयार केला होता, त्या पुंजीवर केलेले हे धाडस होते. पहिले तीन महिने मी चरित्रे सांगितली. बाखची वीस अपत्ये, मोझार्टचा बालवयातील युरोपप्रवास, बीथोव्हेनचे बहिरेपण. मुले तल्लीन होऊन ऐकत. सत्राच्या अखेरीस बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा आरंभ वाजवून ‘ही रचना कोणाची?’ असे विचारले, तेव्हा एकही हात वर झाला नाही. ‘बहिरा झालेला संगीतकार कोण?’ असे विचारताच मात्र सबंध वर्ग एका सुरात ओरडला. त्या एका सुरात माझे तीन महिने बुडाले.

मुलांना अभिजात संगीताचा परिचय करून देणारी बहुतेक पुस्तके आणि ध्वनिमुद्रणे हीच चूक अधिक सफाईने करतात. ती मुलाला लक्षात ठेवायला काहीतरी देतात. ऐकायला काय द्यावे, हा प्रश्न तसाच राहतो. या दृष्टीने, मुलांसाठी म्हणून जगभर वाजविल्या जाणाऱ्या तीन रचना पुन्हा ऐकाव्यात असे मला वाटले.

त्याआधी एक आक्षेप निकालात काढू. ‘आपल्या मुलांना हे परके संगीत कशाला?’ असे मला शिक्षकांच्या खोलीत अनेकदा विचारण्यात आले. टायटन घड्याळाच्या जाहिरातीची धून आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? ती मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनीतून घेतलेली आहे. ही सिंफनी त्याने १७७३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी लिहिली. १९६१ सालच्या ‘छाया’ चित्रपटातील एक द्वंद्वगीत सलील चौधरींनी मोझार्टच्याच चाळिसाव्या सिंफनीच्या (१७८८) आरंभावर बांधले आहे. योगायोग असा, की या दोन्ही सिंफनी जी मायनरमध्ये आहेत. म्हणजे मोझार्ट आमच्या मुलांच्या आणि त्यांच्या आजीच्या कानांत आमच्या आधीच येऊन बसलेला आहे. नाव तेवढे सांगायचे राहिले आहे, आणि नाव ही सर्वांत सोपी गोष्ट.

आता पहिली रचना. काम्यी सँ-साँस याचा ‘प्राण्यांचा कार्निव्हल’ (१८८६) मुलांसाठी हमखास निवडला जातो. वस्तुतः ही रचना मुलांसाठी नव्हेच. जाणत्या मित्रमंडळींत केलेली ती एक थट्टा आहे. आपल्या गंभीर कीर्तीला बाध येईल म्हणून सँ-साँसने ‘हंस’ हा एक भाग सोडून ती हयातीत प्रसिद्धही होऊ दिली नाही. १९२१ साली तो वारला आणि १९२२ साली ती छापली गेली. त्यातील कासवे घ्या. ओफेनबाखच्या ‘ऑर्फियस’मधील बेभान कॅन-कॅन नृत्याची धून येथे तंतुवाद्ये अतिशय संथपणे ओढत नेतात. मूळ धून ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने ते केवळ संथ संगीत. विनोद त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. हत्तीच्या भागातही बर्लिओझने नाजूक पऱ्यांसाठी लिहिलेले नृत्य अवजड डबल बासवर टाकले आहे. आम्ही मुलांना चित्र दाखवतो, ‘हा हत्ती’ म्हणतो आणि पुढे जातो. एकदा मी आधी कॅन-कॅन दोन वेळा वाजवला आणि मग एक शब्दही न बोलता कासवे वाजवली. चौथीच्या वर्गात हळूहळू जे हसू पसरत गेले, ते चित्र पाहून आलेले नव्हते. मात्र एवढी पूर्वतयारी करायला कोणत्या शाळेत सवड असते? परिचयाची पहिली पायरी म्हणून ही रचना मला गैरसोयीची वाटते.

सर्गेई प्रोकोफिएव्हच्या ‘पीटर आणि लांडगा’ची गोष्ट निराळी. मॉस्कोच्या मध्यवर्ती बालरंगभूमीच्या संचालिका नतालिया सात्स यांच्या सूचनेवरून, मुलांना वाद्यांची ओळख व्हावी याच उद्देशाने ही रचना झाली आणि २ मे १९३६ रोजी ती प्रथम सादर झाली. (पुढच्याच वर्षी सात्स यांना अटक होऊन छळछावणीत धाडण्यात आले. या निरागस रचनेभोवतीचा काळ असा होता.) पक्ष्यासाठी फ्लूट, बदकासाठी ओबो, मांजरासाठी क्लॅरिनेट, कुरकुरणाऱ्या आजोबांसाठी बसून, लांडग्यासाठी तीन फ्रेंच हॉर्न आणि पीटरसाठी तंतुवाद्ये. योजना इतकी चोख, की पाच मिनिटांत मूल सारी वाद्ये ओळखू लागते.

आणि येथेच धोका आहे. एका उपवासकाळात मी त्याच मुलांना बाखच्या ‘संत मत्तयकृत दुःखसहन’ या रचनेतील गेथशेमनी बागेच्या प्रसंगीचे एक एकलगीत ऐकवले. त्यात गायकासोबत ओबो वाजतो. ओबोचा पहिला स्वर निघाला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, ‘फादर, बदक!’ सारा वर्ग खिदळला. मला राग आला, आणि नंतर लक्षात आले की मुलांचा यात दोष नाही. मीच त्यांच्या कानात ओबोच्या जागी बदक बसवले होते.

तरी दोष प्रोकोफिएव्हच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याची खरी कलाकुसर पात्रांना वाद्ये वाटून देण्यात नाही. त्या धुनांचे पुढे काय होते, यात आहे. आरंभी सहज हिंडणारी पीटरची धून अखेरच्या मिरवणुकीत संचलनाचा दिमाख धारण करते. मांजर झाडावर पळते तेव्हा क्लॅरिनेटचा सारा रुबाब एका धावपळीत उडून जातो. आणि शेवटी, लांडग्याच्या पोटातून, गिळलेल्या बदकाचा ओबो क्षीणपणे पुन्हा ऐकू येतो. या रूपांतरांकडे मुलाचे लक्ष गेले तर रचनेचे काम झाले. परंतु निवेदक सतत बोलत असतो, आणि सतत सांगितली जाणारी गोष्ट कान बंद करते. म्हणून ही रचना निवेदनासह एकदाच ऐकवावी. नंतर फक्त मिरवणूक लावून विचारावे : पीटरच्या धुनेचे काय झाले?

गोष्ट आणि संगीत यांच्या नात्यावर लेनर्ड बर्नस्टाइनने मुलांसमोर केलेला एक प्रयोग येथे आठवतो. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या बालमैफलींपैकी त्याची दूरदर्शनवरून दाखवलेली पहिली मैफल १८ जानेवारी १९५८ रोजी झाली. विषय होता, संगीताचा अर्थ काय? त्याने रिचर्ड श्ट्राउसच्या ‘डॉन किहोटे’चा काही भाग वाजवताना मुलांना सुपरमॅनची एक कपोलकल्पित कथा सांगितली. ती संगीताशी तंतोतंत जुळली. मग त्याच संगीताची खरी कथा सांगितली, तीही जुळली. स्वर जागचे हलले नव्हते, बदलत होती ती गोष्ट. १९७२ पर्यंत बर्नस्टाइनने अशा त्रेपन्न मैफली केल्या. त्यांतील काहींत व्याख्यात्याचा उत्साह संगीतावर कुरघोडी करतो, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करायला हरकत नाही. परंतु हा प्रयोग मोलाचा.

तिसरी रचना बेंजामिन ब्रिटनची, आणि माझा कौल तिच्या बाजूने आहे. दुसरे महायुद्ध संपताच ब्रिटिश शिक्षण मंत्रालयाने वाद्यवृंदाची ओळख करून देणारा एक चित्रपट योजला. त्यासाठी ब्रिटनने ही रचना लिहिली. १५ ऑक्टोबर १९४६ रोजी लिव्हरपूल येथे ती मैफलीत सादर झाली, आणि नोव्हेंबरात चित्रपट आला. येथे ना लांडगा, ना हत्ती. ब्रिटनने हेन्री पर्सेलच्या एका नाटकासाठीच्या संगीतातील रोंदो घेतला. ते नाटक ‘अब्देलझर’. संगीत १६९५ सालचे, पर्सेलच्या मृत्यूच्याच वर्षाचे. रोंदो म्हणजे ज्यात ध्रुवपद पुन्हा पुन्हा परतून येते अशी रचना. अभंग ऐकलेल्या कानाला हे समजावून सांगावे लागत नाही. त्यातील ध्रुवपद तेवढे ब्रिटनने उचलले.

प्रथम ते सबंध वाद्यवृंद वाजवतो. मग लाकडी फुंकवाद्ये, मग पितळी वाद्ये, मग तंतुवाद्ये. नंतर ते तालवाद्यांकडे जाते. तेथे चाल उरत नाही, उरतो केवळ ठेका. आणि तरीही मुले धून ओळखतात. माझ्या मते सगळ्या बालसंगीतात याहून चांगला धडा नाही. पुढे तेरा रूपांतरे येतात, दर वेळी निराळ्या वाद्यांवर. दुसऱ्या रूपांतरात ओबो येतो, संथ आणि आर्त. ते ऐकवल्यानंतर माझ्या वर्गात बदकाचे नाव निघाले नाही. एरवी ज्याकडे कोणी वळून पाहत नाही त्या व्हियोलालाही येथे स्वतःचे असे बोलणे आहे. अखेरीस फ्यूग. एक वाद्य एक चपळ वाक्य उच्चारते, ते पुरे होते न होते तोच दुसरे तेच वाक्य घेऊन आत शिरते, मग तिसरे. पिकोलोपासून आरंभ होऊन वाद्ये रूपांतरांच्याच क्रमाने येतात, आणि या गर्दीवर पितळी वाद्ये पर्सेलची मूळ धून घेऊन उतरतात. धावणाऱ्यांची चाल दोनची, धुनेची तीनची. आरंभी जी धून डी मायनरमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत कोमल गंधाराने, गंभीर वाटली होती ती येथे शुद्ध गंधाराने उजळून येते.

एरिक क्रोझियरने लिहिलेले निवेदन मात्र अगदीच ओळखपत्रासारखे आहे. ब्रिटनने निवेदनाविना वादनाचीही सोय ठेवली आहे, तिचा लाभ घ्यावा. मी वाद्यांची नावे क्रमाने फळ्यावर लिहितो आणि गप्प बसतो. सारी रचना सुमारे सतरा मिनिटांची. पस्तीस मिनिटांच्या तासात ती दोनदा बसते. हजेरी तेवढी राहते.

गेल्या पावसाळ्यात सहावीच्या वर्गाला ती प्रथमच ऐकवत असताना फ्यूगच्या ऐन मध्यावर वीज गेली. हॉर्न नुकतेच आले होते. पर्सेलची धून परतायची होती. वर्ग क्षणभर स्तब्ध झाला. मग खिडकीजवळच्या एका मुलीने ती धून गुणगुणायला सुरुवात केली, आणखी चारदोघांनी साथ दिली. गंधार कोमलच लागला, कारण शेवट त्यांनी अजून ऐकलेला नव्हता. तास संपेपर्यंत वीज काही आली नाही. तो शेवट त्यांनी पुढच्या आठवड्यात ऐकला.