मित्र सरकारला जाब कोणी विचारायचा?



मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी परराष्ट्र धोरणावर व्याख्यान कशाला, असं कुणाला वाटलं तर ते साहजिक आहे. पण सोयऱ्याच्या घरी सुनेला मारहाण होते, हे माहीत असून आपण 'त्यांच्या घरचा मामला' म्हणून गप्प बसलो, तर त्या सुनेच्या लेखी आपण कोण ठरतो? देशादेशांच्या सोयरिकीचंही तसंच आहे.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: मित्राला चारचौघांत बोलू नये, खासगीत समजवावं. हे उत्तर आपण आज तपासून पाहू. कारण अशा गप्प बसण्याचा मार आपल्याच माणसांनी खाल्लेला आहे.

गोव्याचं घ्या. सालाझारचा पोर्तुगाल १९४९ पासून 'नाटो'चा संस्थापक सदस्य. अझोर्स बेटांवरचा हवाई तळ अमेरिकेला हवा होता. इकडे गोव्यात काय चाललं होतं? १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन गेले, जुलैत मधू लिमये गेले. लिमयांना बेदम मारहाण झाली आणि वर १२ वर्षांची शिक्षा. १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसं गेली. आणि २ डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर संयुक्त निवेदन काढलं. त्यात गोळीबाराबद्दल अवाक्षर नाही, उलट या वसाहतींना 'पोर्तुगालचे प्रांत' म्हटलेलं. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं, तेव्हा मात्र याच मित्रांनी सुरक्षा परिषदेत बळाच्या वापराबद्दल आवाज उठवला.

आपला राग रास्तच होता. पण पुढचं पान उलटू. त्या गोळीबाराला सव्वा वर्ष होत नाही, तोच सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. ९ नोव्हेंबर १९५६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सोव्हिएत सैन्य मागे घ्या, हंगेरीत खुल्या निवडणुका होऊ द्या, असा ठराव आला. भारताने विरोधात मत दिलं. जयप्रकाश नारायणांनी नेहरू सरकारच्या या भूमिकेवर उघड टीका केली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! डलेसना जे माप लावलं, ते आपण स्वतःला लावलं नाही.

म्हणजे सगळीच सरकारं सारखी, असं म्हणून सोडून द्यायचं का? आम्हाला ते पटत नाही. आता श्रीलंकेचं बघा. २००९ च्या युद्धाच्या अखेरीस हजारो तमिळ नागरिक मारले गेले. श्रीलंकेने स्वतःच्याच आयोगाच्या शिफारशी अमलात आणाव्यात, असा ठराव २२ मार्च २०१२ रोजी मानवी हक्क परिषदेत आला आणि भारताने त्या शेजारी मित्राविरुद्ध मत दिलं. दिल्लीला अचानक उपरती झाली नव्हती. तमिळनाडूतल्या लोकांनी लावून धरलं, आणि केंद्रातल्या आघाडीत असलेल्या द्रमुकला ते ऐकावं लागलं. श्रीलंकेशी मैत्री तुटली का? नाही. दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, मात्र भारत तटस्थ राहिला. जाब एकदा विचारून भागत नाही.

म्यानमारमध्ये २०२१ साली लष्कराने सत्ता बळकावली. जूनमध्ये आमसभेत ठराव आला तेव्हाही भारत तटस्थच होता. लांबलचक सीमा, ईशान्येतले बंडखोर, चीनचा शिरकाव, ही कारणं खोटी नाहीत. पण खासगीत समजावलं असेल, तर त्यातून काय निघालं, कोण सुटलं, कुठला गोळीबार थांबला, याचा हिशोब संसदेत मिळायला हवा. हिशोब नसलेली खासगी समजूत आणि गप्प बसणं, यांत मार खाणाऱ्याला काय फरक पडतो?

न्यायालयाकडे जावं म्हणाल, तर इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवा ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२४ रोजी फेटाळली. परराष्ट्र धोरण हे सरकारचं क्षेत्र, असं म्हटलं. निकाल मानू. पण मग सरकारला विचारणारा उरतो तो मतदारच. यवतमाळ-वाशीमचा खासदार मत मागायला येतो, तेव्हा सोयाबीनच्या भावाबरोबर हाही प्रश्न विचारा: आपल्या नावाने दिल्लीने कुणाच्या अत्याचारावर डोळेझाक केली? गोव्याच्या सत्याग्रहींसाठी हा प्रश्न त्या वेळी वॉशिंग्टनच्या मित्रांनी विचारायला हवा होता. आज तो विचारायची पाळी आपली आहे.