भट्टीचं पुस्तक : एक आस्वाद

आजवर मी कथासंग्रहांची, कादंबऱ्यांची आणि भिडेखातर काही कवितासंग्रहांचीही परीक्षणं लिहिली आहेत. पण भट्टीबरोबर फुकट मिळालेल्या पुस्तकाचं परीक्षण करण्याचा योग औंढा नागनाथलाच यायचा होता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बेकरी आहे. मालकांनी लाकडाची जुनी भट्टी मोडून विजेची घेतली आणि ऐन महाशिवरात्रीच्या तोंडावर ती बिघडली. नानकटाई वरून काळी, आतून पिठूळ. पुस्तक काखेत मारून मालक माझ्या दारात उभे. म्हणाले, "सर, तुम्ही पुस्तकांचं चांगलं-वाईट लिहिता ना? मग हे काय म्हणायलं तेवढं सांगा."

पुस्तक बत्तीस पानांचं. मुखपृष्ठावर एक हसरी बाई. हातात पाव आणि चेहऱ्यावर भट्टी कधीच न बिघडल्याचं समाधान. 'दोष-निवारण' हे प्रकरण सत्ताविसाव्या पानावर, तीन रकान्यांत : दोष, संभाव्य कारण, उपाय. शैली सूत्रमय, थेट पाणिनीच्या वळणाची. फरक इतकाच की पाणिनीवर भाष्यं मिळतात. 'तापमान-संवेदी शलाका सदोष वाटल्यास शलाकेची सदोषता तपासावी.' कशी तपासावी, यावर लेखकाचं मौन. अकरा दोषांपैकी नऊ दोषांना उपाय एकच : 'अधिकृत तंत्रज्ञाशी संपर्क साधावा.' ध्रुपद म्हणून ओळ चांगली आहे, पण अधिकृत तंत्रज्ञ नांदेडला, आणि तो फोनवर 'उद्या' याखेरीज काही बोलत नव्हता.

ही शलाका म्हणजे बेकरीतली मंडळी जिला 'कांडी' म्हणतात ती. पेन्सिलीएवढी धातूची नळी, तिच्यात दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडलेल्या. टोक तापलं की किंचित वीज निर्माण होते. नेहमीच्या 'के' जातीच्या कांडीत अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचे लाख भाग केले तर त्यातले चार. एवढ्याशा कुजबुजीवर विश्वास ठेवून मीटर भट्टी चालू-बंद करतं. हा चमत्कार थॉमस सीबेक या जर्मन शास्त्रज्ञानं १८२१ साली पाहिला आणि विजेऐवजी तो चुंबकत्वाचा मानला. ज्या विद्येच्या पहिल्याच पानावर कारण चुकलं, तिथं आमच्या पुस्तकाला फार बोलण्यात अर्थ नाही.

तरी एका जागी बोललंच पाहिजे. दोष क्रमांक सहा : 'पदार्थ करपणे.' कारण : 'शलाका सदोष अथवा कामगाराची हलगर्जी.' मालकांनी त्यातलं स्वस्त कारण आधी धरलं. बेकरीत एक चाचा आहेत. चाळीस वर्षं लाकडाच्या भट्टीपुढे काढलेली. चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर टाकायचा आणि तो किती वेळात तांबूस होतो त्यावरून ताव ओळखायचा, ही त्यांची रीत. ते म्हणत होते, "मालक, भट्टी लई तापायली." मीटर म्हणत होतं, १८०. मालकांनी मीटरचं ऐकलं आणि तीन ट्रेंचे पैसे चाचांच्या पगारातून कापले. चाचा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले मात्र नाहीत.

मग नवी कांडी आणून बसवली. नानकटाई पुन्हा काळी! आता हलगर्जी करायला चाचाही नव्हते.

खरं म्हणजे कच्चं-पक्कं पारखण्याचा विषय या गावाला नवा नाही. तेरला गोरोबाकाकांनी थापटीनं संतांची डोकी ठोकून पाहिली, नामदेव तेवढे कच्चं मडकं ठरले आणि गुरूच्या शोधात इथं विसोबा खेचरांकडे आले, अशी कथा आहे. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. पाय काढा म्हटल्यावर म्हणाले, देव नसेल तिथं तूच उचलून ठेव. नामदेव जिथं पाय ठेवतील तिथं पिंडी! देवाच्या बाबतीत ठीक आहे, पण उष्णता काही अशी सर्वत्र सारखी नसते. भट्टीच्या मध्यावर एक, दाराशी दुसरी, भिंतीत तिसरी. कांडी बिचारी आपल्या टोकाला लागेल तेवढंच सांगणार.

हे मनात आलं तेव्हा गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्यानं हीटरचा पुरवठा आधी तोडला, नुसतं मीटर चालू ठेवलं. कारण कांडी बाहेर काढली की मीटरला वाटतं भट्टी गार पडली, आणि ते तापवतच सुटतं. मग कांडी उकळत्या पाण्यात धरली. मीटर ९८. आपलं गाव समुद्रसपाटीहून उंचावर, इथं पाणी शंभराच्या जरा आधीच उकळतं. म्हणजे कांडी खरं बोलत होती. जुनी लावून पाहिली, तिचेही ९८. दोघी निर्दोष! मग कांडी होती तशी बसवून भट्टी तापवली आणि मधोमध एक साधा काट्याचा तापमापक ठेवला. मीटर १८०, काटा २३५. कांडी आवळून धरणारा स्क्रू साफसफाईत हिसका बसून सैल झाला होता. कांडी मागं सरकून तिचं टोक भिंतीतल्या लोकरीत जाऊन बसलं होतं. नवीही त्याच मापानं बसवलेली. दोघींनी भिंतीचं तापमान इमानानं सांगितलं होतं.

समीक्षक म्हणून माझा आक्षेप एवढाच, की या पुस्तकाला चौथा रकाना हवा होता : 'भट्टीपाशी रोज उभा असणारा माणूस काय म्हणतो?' दुसरा तापमापक बेकरीत पहिल्यापासून होता, त्याचा पगार कापला गेला.

स्क्रू आवळून मालक कापलेले पैसे घेऊन चाचांच्या घरी गेले. चाचांनी पैसे मोजले नाहीत. एवढंच विचारलं, "आता मैदा किती वेळात तांबडा होतो?" मालकांना सांगता येईना. "मग मलाच यावं लागंल," म्हणाले आणि चपला घातल्या.

पुस्तकाची छपाई सुबक, बांधणी पक्की, किंमत भट्टीत धरलेली. दुसरी आवृत्ती निघाल्यास सहाव्या दोषातली 'हलगर्जी' गाळावी. आमच्या प्रतीत मालकांनी तिच्यावर काट मारलीच आहे. परीक्षणाचं मानधन म्हणून मला पावशेर नानकटाई मिळाली. तिच्याविषयी मात्र मी निःपक्षपातीपणे लिहू शकणार नाही.