चित्रपुस्तकातील दुर्लक्षित मूल आणि वाचून दाखविणारा पालक

आईबापांच्या दृष्टीआड राहिलेल्या मुलाला चित्रपुस्तक आपल्या मोलाची जाणीव करून देऊ शकते काय, हा प्रश्न बालवाङ्मयाच्या चर्चेत बहुधा आशयाच्या अंगाने विचारला जातो. गोष्टीतील मुलाकडे आरंभी कोणी लक्ष देत नाही, शेवटी आई त्याला जवळ घेते, ऐकणारे मूल त्याच्याशी समरस होते आणि त्याचे समाधान होते, अशी ही उपपत्ती आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे असे नाही. परंतु तेवढीच खरी मानली तर चित्रपुस्तक आणि साधी बोधकथा यांत भेद उरत नाही, आणि चित्रे केवळ शोभेपुरती राहतात. शिवाय या विषयावरील जी पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली त्यांपैकी काहींचा शेवट मुळीच सुखाचा नाही, याचा उलगडा या उपपत्तीने होत नाही. मला असे वाटते की येथे मुलाला जे मोल मिळते ते कथेच्या शेवटात नसून वाचनाच्या घडणीत असते. प्रस्तुत लेखात काही इंग्रजी चित्रपुस्तकांच्या आधारे या मताची परीक्षा करावयाची आहे.

चित्रपुस्तक हे एकाच वेळी दोघांनी वाचावयाचे पुस्तक आहे, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्याकडे दुर्लक्ष होते. अक्षरे मोठ्या माणसाला येतात, मुलाला येत नाहीत. मोठ्याची नजर ओळींवरून फिरत असते आणि त्या वेळात मूल चित्र पाहत असते, तेही अधिक वेळ आणि अधिक बारकाईने. आपल्याकडे जेवू घालताना किंवा निजवताना गोष्ट सांगण्याची जी चाल आहे तीत सांगणाराचे तोंड मुलाकडे असते आणि मूल त्या चेहऱ्यावरच गोष्ट वाचते. चित्रपुस्तकात मात्र दोघेही शेजारी शेजारी बसून तिसऱ्याच वस्तूकडे पाहतात. त्या वस्तूचा अर्धा भाग एकाच्या स्वाधीन असतो आणि अर्धा दुसऱ्याच्या. घरातील बहुतेक सर्व व्यवहारांत मूल अज्ञ आणि पालक जाणता असतो. येथे तो क्रम उलटू शकतो. तो कुठे आणि कसा उलटतो हे पाहणे हेच अशा पुस्तकाच्या समीक्षेचे खरे काम होय.

जॉन बर्निंगहॅम यांचे ‘कम अवे फ्रॉम द वॉटर, शर्ली’ (१९७७) हे पुस्तक या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. समुद्रकिनाऱ्यावर आलेल्या कुटुंबाची ही गोष्ट. डाव्या पानावर आईबाप घडीच्या खुर्च्यांत बसले आहेत, रंग फिके, रेषा तुटक, भोवती बरीच कोरी जागा. उजव्या पानावर शर्ली एका कुत्र्यासह होडी वल्हवीत चाचांच्या जहाजाकडे निघाली आहे. पुढे झुंज, पलायन, नकाशा आणि पुरलेले धन, हे सारे गडद रंगांत. शब्द आहेत ते फक्त डाव्या पानावर, आणि ते बहुतेक आईचे आहेत. पाणी फार थंड आहे, नव्या बुटांना डांबर लावून घेऊ नकोस, त्या कुत्र्याला हात लावू नकोस, अशा सूचना ती न वळता देत राहते. बाप वर्तमानपत्रात बुडालेला. या संसारी सूचनांत क्रूरपणा कोठेही नाही. त्या काळजीच्याच सूचना आहेत, आणि हेच त्यांतील मर्म आहे. काळजी आहे, परंतु दृष्टी नाही.

आता हे पुस्तक मोठ्याने वाचले जाते तेव्हा काय घडते ते पाहावे. वाचणाऱ्या आईला शर्लीच्या आईचीच वाक्ये उच्चारावी लागतात, कारण दुसरी वाक्ये पुस्तकात नाहीत. तिचा स्वर, तिची सवय, कदाचित तिने त्याच दिवशी सकाळी वापरलेले शब्द तिच्याच तोंडून तिला ऐकू येतात. उजव्या पानाविषयी मात्र पुस्तक तिला एकही शब्द देत नाही. तेथे काय चालले आहे हे सांगणारे कोणी असेल तर ते मांडीवरचे मूलच. ‘ती जहाजावर गेली’ असे मूल सांगते आणि आईला पाहावे लागते. पुस्तकातील आई जे करीत नाही ते वाचणारी आई त्या क्षणी करते, आणि मुलाच्या सांगण्यावरून करते. मुलाला महत्त्व आहे असे पुस्तकात कोठेही लिहिलेले नाही. ते महत्त्व पानांच्या रचनेतूनच निर्माण होते.

डेव्हिड मॅकी यांचे ‘नॉट नाउ, बर्नार्ड’ (१९८०) याहून कठोर आहे. बर्नार्ड बापाला हाक मारतो. बाप खिळा ठोकीत असतो. आईला हाक मारतो. तीही कामात असते. बागेत एक राक्षस आहे आणि तो मला खाणार आहे असे तो सांगतो, तेव्हाही आईचे उत्तर तेच. राक्षस त्याला खाऊन टाकतो, घरात शिरतो, बापाच्या पायाला चावतो, बर्नार्डचे जेवण जेवतो, त्याची खेळणी मोडतो आणि अखेर त्याच्या बिछान्यात जातो. आईबापांच्या काही लक्षात येत नाही. पुस्तकाचे शीर्षक म्हणजेच त्यांचे उत्तर आहे. मराठीत त्यासाठी ‘आत्ता नको’ असा शब्दशः पर्याय सुचेल. परंतु आपल्या घरांतून हे काम ‘थांब जरा’ हे दोन शब्द करतात, आणि ते अधिक सूचक आहेत, कारण त्यांत पुढे कधीतरी लक्ष देण्याचे वचन आहे. त्या वचनाचा ‘पुढे’ कधीच येत नाही, हाच या पुस्तकाचा विषय आहे.

हे पुस्तक क्रूर आहे, असा आक्षेप मोठी माणसे घेतात. राक्षसाने मुलाला खावे आणि आईला पत्ताही नसावा, याने मूल घाबरेल असे त्यांना वाटते. माझ्या मते हा आक्षेप घेणारे स्वतःच्या अस्वस्थतेला मुलाची भीती समजतात. ऐकणारे मूल पहिल्याच चित्रात ओळखते की हा जांभळा प्राणी बर्नार्ड नव्हे. पुस्तकातील आईबापांना ते अखेरपर्यंत कळत नाही. या असमान ज्ञानातून जो आनंद होतो तो उपेक्षित मुलाला क्वचितच मिळणारा आनंद आहे, मोठ्यांना दिसत नाही ते आपल्याला दिसते याचा. शिवाय राक्षस हा कोणी परका आहे की लक्ष न मिळालेल्या बर्नार्डनेच घेतलेले रूप आहे, हा प्रश्न मॅकी यांनी मोकळा ठेवला आहे. चावणे, मोडतोड करणे, ओरडणे ही उपेक्षित मुलाचीच कृत्ये आहेत. पालक या प्रश्नापाशी थबकला तर पुस्तकाचे काम झाले म्हणावयाचे.

उपेक्षेचे आणखी एक रूप आहे, धाकट्या भावंडाच्या आगमनाने येणारे. तीत आईबापांचा दोष शोधू गेल्यास सापडत नाही. एझ्रा जॅक कीट्स यांच्या ‘पीटर्स चेअर’ (१९६७) मध्ये पीटरचा पाळणा आणि उंच खुर्ची बहिणीसाठी गुलाबी रंगविली जाते. न रंगविलेली एक लहान निळी खुर्ची घेऊन तो कुत्र्यासह घर सोडतो; अर्थात जातो तो घराच्या समोरच. बरोबर स्वतःचे तान्हेपणीचे चित्र घ्यावयास तो विसरत नाही. खुर्चीत बसू पाहतो तो मावत नाही. आपण वाढलो आहोत हे त्याला कोणी सांगत नाही, खुर्चीच सांगते. पुढे पडद्याखाली त्याचे बूट दिसतात, आईला वाटते तो तेथेच लपला आहे, आणि तो असतो दुसरीकडेच. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश मनोविश्लेषकाने १९६३ च्या एका निबंधात लपण्यातील सुखाचा आणि कोणी न शोधल्याच्या दुःखाचा एकत्र विचार केला आहे. कीट्स यांचा हा प्रसंग वाचताना तो आठवल्यावाचून राहत नाही. आई फसते हे खरे, पण फसते ती शोधीत असल्यामुळे. शर्लीची आई कधी फसत नाही. शेवटी पीटर मोठ्यांच्या खुर्चीत बसून लहान खुर्चीही रंगवू या असे आपण होऊन बापाला सुचवितो. हे समाधान मला खरे वाटते, कारण ते मागितलेले नाही.

अँथनी ब्राउन यांच्या ‘गोरिला’ला (१९८३) केट ग्रीनअवे पदक मिळाले, आणि चित्रांच्या दृष्टीने प्रस्तुत पुस्तकांत ते सर्वांत समृद्ध आहे. हॅनाला गोरिलांचे वेड; बापाला वेळ नाही. न्याहारीच्या टेबलाशी तो वर्तमानपत्रामागे असतो आणि ते स्वयंपाकघर थंड निळ्या रंगात रंगविलेले आहे. वाढदिवसाच्या आदल्या रात्री मिळालेला खेळण्यातला गोरिला मोठा होतो, बापाचाच कोट आणि टोपी घालतो आणि तिला प्राणिसंग्रहालयात नेतो. सकाळी बाप स्वतःच तेथे जाण्याचा विषय काढतो. बापाच्या या पालटाला कथेत कारण नाही, आणि केवळ शब्द वाचले तर हा शेवट हळवा व उसना वाटतो. परंतु चित्रात बापाच्या मागच्या खिशात एक केळे आहे. शब्द त्याविषयी गप्प आहेत. ते मुलालाच दिसावयाचे आणि त्यानेच बोट ठेवून दाखवावयाचे. सारे पुस्तक त्या केळ्याने सावरले आहे असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

याउलट ज्या पुस्तकांत प्रेमाची ग्वाही शब्दांनीच दिली जाते त्यांविषयी मी साशंक आहे. सॅम मॅकब्रॅटनी यांचे ‘गेस हाउ मच आय लव्ह यू’ (१९९४, चित्रे अनिता जेराम) अतिशय लोकप्रिय आहे. लहान ससा हात पसरून आपले प्रेम मोजून दाखवितो, मोठा ससा अधिक लांब हात पसरतो, आणि हे असेच चालते. चित्रे गोड आहेत. पण ती शब्दांनी सांगितलेलेच पुन्हा सांगतात, आणि लहानग्याकडे मोठ्याला दाखविण्यासारखे काही उरत नाही. प्रत्येक फेरीत तोच हरतो, हेही विसरता येत नाही.

या विवेचनाला प्रयोगाचा आधार कितपत आहे? ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना चार आठवडे असे शिकविले होते की नुसते वाचून न दाखविता मोकळे प्रश्न विचारावेत आणि हळूहळू मुलालाच सांगू द्यावे. त्या मुलांची बोलण्याची क्षमता नेहमीप्रमाणे वाचून दाखविलेल्या मुलांपेक्षा अधिक वाढलेली आढळली. तथापि तेथे मोजली गेली ती भाषा. आपल्याला मोल आहे ही भावना नव्हे. एकीवरून दुसरीचे अनुमान करणे मोहक असले तरी ते अनुमानच राहते, आणि आमच्या विद्यार्थ्यांनी प्रबंधांत त्याचे सिद्धान्तात रूपांतर करू नये.

याहून मोठी अडचण माझ्या स्वतःच्याच प्रतिपादनात आहे. पालक शेजारी बसला तरच ही रचना काम करते; आणि जो बसतो तो निदान तेवढ्या वेळेपुरता तरी शर्लीच्या आईबापांसारखा राहिलेला नसतो. ज्याच्या घरी दोघेही रात्री उशिरा परततात, किंवा ज्याच्या घरी वाचता येणारे कोणी नाही, त्या मुलापर्यंत हे कसे पोहोचावे? आजीने किंवा अंगणवाडीतील ताईने पुस्तक हाती घेतले तर मुलाचे ऐकणारे कोणी मिळते हे खरे, पण ज्याने पाहावे असे त्याला वाटते तो तेथे नसतो. मराठीत माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांत घर मुलाच्या नजरेने पाहिले जाते आणि शब्द व चित्र एकाच हातचे असतात. त्यांचे रसग्रहण वर्गात करताना विद्यार्थ्यांनी कोणते शब्द कोणाच्या तोंडी पडतात आणि कोणते चित्र शब्दावाचून सोडले आहे याची नोंद करून पाहावी. आणि शक्य असल्यास ती पाने अक्षर न येणाऱ्या एखाद्या मुलाच्या हाती देऊन, आपण गप्प राहून, ते प्रथम कशावर बोट ठेवते तेही टिपावे.